पेटंट ‘मिळालं’ की नुसतं ‘छापलं’? चौकातल्या एलईडी पडद्याची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या चौकात मोठा एलईडी पडदा लागला. पहिल्याच आठवड्यात त्यावर वाढदिवस, सराफाची जाहिरात आणि नेत्यांचे फोटो यांच्यामध्ये एक वेगळी पाटी झळकली. जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सात प्राध्यापकांचे फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘भारत सरकारचे पेटंट प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. अशी पाटी तुमच्याही गावात लागली असेल.

पाटीवर क्रमांकही दिला होता. घरी येऊन पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर तो टाकला. तिथे कुणालाही फुकट शोधता येतं. अर्ज होता आणि प्रकाशितही झाला होता. पण त्याची तपासणी झालेली नव्हती, तपासणी करा अशी मागणीसुद्धा कॉलेजने केलेली नव्हती. म्हणजे बारावीचा फॉर्म भरला, हॉल तिकीट आलं आणि आपण पेढे वाटले, तसा प्रकार.

मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. त्याला कारण आहे, ते पुढे सांगतो. पण ज्या पडद्यावर ही पाटी झळकत होती, त्या पडद्याचाच इतिहास पेटंटच्या तपासणीने भरलेला आहे. तो सांगावा म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीने वाचा.

आधी नियम समजून घेऊ

पेटंट म्हणजे सरकार आणि संशोधक यांच्यातला सौदा. संशोधकाने आपली युक्ती जगाला नीट शिकवायची. बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं इतरांना ती वापरण्यापासून अडवण्याचा हक्क त्याला मिळतो. मुदत संपली की युक्ती सगळ्यांची.

आपल्याकडे अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो सरकारी जर्नलमध्ये आपोआप छापला जातो. जादा फी भरून लवकर छापा म्हटलं तर महिनाभरातही छापून येतो. यात परीक्षकाने काहीही पाहिलेलं नसतं. तपासणीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी लागते. ती मुदतीत भरली नाही तर मूळ अर्ज मागे घेतला असं धरतात. मुदत आधी ४८ महिने होती, २०२४ च्या नियमांनंतरच्या अर्जांसाठी ३१ महिने आहे.

तपासणीत मुख्य प्रश्न तीन. हे खरंच नवीन आहे का? त्या विषयातल्या जाणकाराला ते सहज सुचलं असतं का? आणि तुम्ही जेवढं मागताय तेवढं शिकवलंय का? यांना पुरून उरलं तर पेटंट मिळतं. बाकी सगळा नुसता कागद.

तपासणी नसली की काय होतं?

हे अमेरिकेने करून पाहिलंय. १७९० च्या पहिल्या कायद्यात पेटंट द्यायचं की नाही हे परराष्ट्रमंत्री, युद्धमंत्री आणि ॲटर्नी जनरल असे तिघे ठरवायचे. परराष्ट्रमंत्री होते थॉमस जेफरसन. या तिघांना बाकीचा कारभार सोडून चक्क्या आणि चरखे तपासायला वेळ कुठून मिळणार? म्हणून १७९३ मध्ये तपासणीच काढून टाकली. फी भरा, चित्र द्या, पेटंट घेऊन जा.

पुढची ४३ वर्षं हा कारभार चालला. एकाच वस्तूवर अनेकांची पेटंटं झाली. लोक दुसऱ्याचं यंत्र बघून किरकोळ बदल करायचे, पेटंट घ्यायचे आणि तो कागद दाखवून गावोगावच्या कारागिरांकडून पैसे उकळायचे. खरं-खोटं ठरवायला कोर्टाशिवाय वाट नव्हती. शेवटी मेन राज्याचे सिनेटर जॉन रगल्स यांनी हा विषय लावून धरला. ४ जुलै १८३६ रोजी नवा कायदा झाला आणि पगारी, शिकलेले परीक्षक तपासणीला बसले. पेटंटांना नव्याने क्रमांक सुरू झाले. त्यातला क्रमांक १ मिळाला खुद्द रगल्स यांनाच, रेल्वे इंजिनाच्या चाकांसाठी!

म्हणजे तपासणी ही संशोधकाला छळायला आलेली नाही. बोगस कागदांपासून कारागिराला वाचवायला ती आली.

पहिला प्रश्न: नवीन आहे का?

आता पडद्याकडे या. चौकातल्या पडद्याचा प्रत्येक ठिपका म्हणजे तीन छोटे दिवे, लाल, हिरवा आणि निळा. ‘एलईडीचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतो आणि त्याचं एका ओळीत उत्तरही असतं. पेटंट परीक्षक मात्र त्यावर लगेच विचारेल, ‘कुठला एलईडी?’

१९०७ मध्ये हेन्री राउंड यांनी कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडली आणि तो पिवळसर चमकला. त्यांनी एका नियतकालिकाला छोटी टिपणवजा चिठ्ठी पाठवली आणि विषय तिथेच राहिला. १९२० च्या दशकात सोव्हिएत रशियात ओलेग लोसेव्ह या तरुण तंत्रज्ञाने हाच प्रकाश पुन्हा पाहिला, पण त्याने पिच्छा पुरवला. हा तापलेल्या तारेचा उजेड नाही, हे त्याने ओळखलं. त्यावर चालणाऱ्या संदेशवहनाच्या ‘प्रकाश रिले’साठी १९२७ मध्ये त्याने अर्जही केला. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला, वय अवघं ३८. त्याच्या कामाची आठवण जगाला फार उशिरा झाली.

पुढे १९६१ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये जेम्स बिआर्ड आणि गॅरी पिटमन वेगळ्याच डायोडवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश निघतोय. ८ ऑगस्ट १९६२ रोजी त्यांनी अर्ज केला. त्याच सुमाराला जनरल इलेक्ट्रिक, आयबीएम, आरसीए, बेल लॅब्ज, एमआयटीची लिंकन लॅब, सगळेच याच वाटेवर होते. लाल रंगात दिसणारा एलईडी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्याच वर्षी दाखवला.

मग पेटंट कुणाला द्यायचं? तेव्हा अमेरिकेत नियम होता की आधी शोध लावला तो खरा मालक, अर्ज कुणी आधी केला ते दुय्यम. निकाल लागला तो वह्यांवर. प्रयोगशाळेच्या वहीत रोजच्या रोज तारीख घालून लिहिलेल्या नोंदींमुळे बिआर्ड आणि पिटमन यांचं काम आधीचं ठरलं. डिसेंबर १९६६ मध्ये पेटंट क्रमांक ३२९३५१३ त्यांच्या हातात पडलं.

यात लोसेव्हवर अन्याय झाला का? माणूस म्हणून झालाच. पण परीक्षकासमोर ‘वीज सोडली की दगड चमकतो’ असा दावा नव्हता. विशिष्ट पदार्थ, विशिष्ट जोडणी आणि त्यातून निघणारा विशिष्ट प्रकाश असा दावा होता. पेटंट कल्पनेच्या आभाळाला मिळत नाही, कुंपण घातलेल्या तुकड्याला मिळतं. ते कुंपण शेजाऱ्याच्या बांधावर आलंय का, हे परीक्षक तपासतो. आपल्याकडे बांधावरून किती डोकी फुटतात हे वेगळं सांगायला नको.

आता अमेरिकेनेही नियम बदललाय. मार्च २०१३ पासून तिथे आधी अर्ज करेल त्याला प्राधान्य. म्हणूनच आधी तोंड बंद ठेवणं महत्त्वाचं. केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८९ मध्ये प्लास्टिकसारख्या पॉलिमरमधून प्रकाश मिळाला. त्यांनी आधी पेटंटचा अर्ज केला आणि ‘नेचर’मध्ये निबंध छापला तो १९९० मध्ये. आपल्याकडे प्राध्यापक आधी परिषदेत पेपर वाचतात आणि मग पेटंटचा अर्ज करतात. बऱ्याचदा त्यांचा स्वतःचाच पेपर त्यांच्या आडवा येतो!

दुसरा प्रश्न: कुणालाही सुचलं असतं का?

तुमच्या हातातल्या मोबाइलचा पडदा बहुधा ओएलईडी असेल. यात कार्बनी रसायनांचे पातळ थर स्वतःच उजळतात.

कार्बनी पदार्थ विजेवर चमकतो हे १९६० च्या दशकातच माहीत होतं. डाऊ केमिकलच्या संशोधकांना त्यावर १९६५ मध्ये अमेरिकी पेटंटही मिळालं होतं. पण अडचण अशी की त्या जुन्या पद्धतीत जाड स्फटिक लागायचा आणि त्याला शंभर किंवा त्याहून जास्त व्होल्टचा दाब द्यावा लागायचा. एवढं करून उजेड मिणमिणता.

हाँगकाँगमध्ये जन्मलेले चिंग टँग कोडॅकच्या रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेत कार्बनी सौरघटांवर काम करत होते. १९७९ मध्ये त्यांना त्यांच्या नमुन्यातून मंद उजेड येताना दिसला. सौरघटासाठी ते वापरत होते तीच युक्ती त्यांनी उलटी लावली. एका जाड थराऐवजी दोन अतिपातळ थर, एक धन भार वाहून आणणारा, दुसरा ऋण भार आणणारा, आणि दोघांची गाठ सीमेवर. त्यांच्या पहिल्या पेटंटचा अर्ज १९८० चा, मंजुरी १९८२ ची. स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्याबरोबरचा गाजलेला निबंध आला १९८७ मध्ये. दोन्ही थर मिळून जाडी सुमारे १३५ नॅनोमीटर आणि व्होल्टेज दहाच्याही खाली!

मला यातला सगळ्यात आवडतो तो भाग म्हणजे कोडॅकच्या पेटंटची भाषा. त्यांनी डाऊचं जुनं पेटंट लपवलं नाही. आधी कुणी काय केलंय, त्यात अडचण काय होती आणि आम्ही ती कशी सोडवली, हे क्रमाने मांडलं. ‘सहज सुचण्यासारखं नव्हतं’ हे सिद्ध करायचा हाच प्रामाणिक मार्ग आहे. इतकी वर्षं अनेक हुशार माणसं त्याच दाराशी अडून बसली होती, ही नोंदच पुरावा ठरते.

आणि नशिबाचा खेळ बघा. सोनीने पहिला ओएलईडी टीव्ही बाजारात आणला २००७ मध्ये, अवघा ११ इंची. तोवर १९८२ च्या त्या पेटंटची मुदत संपून गेली होती. कोडॅकने आपला ओएलईडी व्यवसाय २००९ च्या अखेरीस एलजीच्या समूहाला विकला आणि २०१२ मध्ये स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बुडाली तरी शिकवलेली युक्ती बुडाली नाही. ती आज सगळ्यांच्या खिशात आहे. सौद्याची दुसरी बाजू ही अशी वसूल होते.

तिसरा प्रश्न: मागितलं तेवढं शिकवलं का?

निळा दिवा सगळ्यात उशिरा आला. लाल दिव्यानंतर तीस वर्षं कामाचा निळा एलईडी कुणाला जमला नाही, आणि निळ्याशिवाय पडद्यावर पूर्ण रंग येत नाहीत. गॅलियम नायट्राइड हा पदार्थ नीलमच्या पातळ चकतीवर वाढवायचा, तर दोघांच्या अणूंची रांग जुळत नाही आणि थराला तडे जातात. जपानमध्ये इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी मध्ये एक पातळ थर घालून वाट काढली. शुजी नाकामुरा यांनी निचिया या कंपनीत ती पुढे नेली आणि १९९३ मध्ये कंपनीने झगझगीत निळा एलईडी जाहीर केला. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं.

नाकामुरांची कहाणी बऱ्याच जणांना माहीत असेल. १९९० मध्ये अर्ज केलेल्या त्यांच्या एका पेटंटसाठी कंपनीने त्यांना बक्षीस दिलं २० हजार येन. टोकियोच्या कोर्टाने जानेवारी २००४ मध्ये सांगितलं, २००० कोटी येन द्या. वरच्या कोर्टात वर्षभराने तडजोड झाली ती सुमारे ८४ कोटी येनवर. पाटीवर नाव कुणाचं आणि पैसा कुणाचा, हा वाद आपल्या कॉलेजांनाही आज ना उद्या लागणार आहे.

पण मला सांगायचाय तो दुसरा खटला. बॉस्टन विद्यापीठाचे थिओडोर मुस्ताकास यांनीही १९९१ च्या सुमाराला गॅलियम नायट्राइड वाढवायची दोन पायऱ्यांची पद्धत काढली होती. काम अव्वल दर्जाचं. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मंजूर झालं. पुढे विद्यापीठाने एलईडी बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले आणि २०१५ मध्ये ज्युरीने १.३ कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली.

मधल्या थराचं वर्णन पेटंटमध्ये ‘एकस्फटिकी नसलेला’ असं होतं. खटल्यात विद्यापीठाने त्याचा अर्थ जास्तीत जास्त रुंद लावून घेतला. थर बारीक स्फटिकांचा असो, पूर्ण अस्ताव्यस्त असो, की दोन्हींचं मिश्रण असो, सगळं आमचं. मग प्रतिवादी म्हणाले, ठीक, पण पूर्ण अस्ताव्यस्त थरावर थेट शिस्तबद्ध एकस्फटिकी थर कसा वाढवायचा, हे तुम्ही कुठे शिकवलंय? विद्यापीठाच्या स्वतःच्या तज्ज्ञालाही तसं करणं अशक्य असल्याचं मान्य करावं लागलं. जुलै २०१८ मध्ये अपील कोर्टाने पेटंटचा तो दावा रद्द ठरवला. सहापैकी पाच प्रकार शिकवलेत, हे उत्तर चाललं नाही. मागताना सहा मागितले, तर शिकवायचेही सहा. हात फार लांब पसरला आणि जे होतं तेही गेलं.

माझी गोष्ट

आता वाईट का वाटलं ते सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी आणि माझा एक मित्र भोसरीत छोट्या शेडमध्ये एलईडी बोर्ड बनवायचो. दुकानांच्या पाट्या, टोकन नंबरचे बोर्ड, असली कामं. आम्हाला एक युक्ती सुचली. एक दिवा जळाला तरी ओळीतले बाकीचे विझू नयेत अशी जोडणी. आम्ही हवेत! एजंट गाठला, पैसे भरले, अर्ज केला, तपासणीही मागितली. दुकानाच्या कार्डावर ‘पेटंट पेंडिंग’ छापलं.

परीक्षकाचा अहवाल आला. त्यात तीन जुने दस्तऐवज लावले होते, दोन जपानी, एक अमेरिकी. मित्र चिडला, म्हणाला, ‘आपल्याला द्यायचंच नाहीये यांना.’ मी रात्री ते कागद घेऊन बसलो. जपानी अक्षरं कळेनात, पण आकृती कळत होती. दुसऱ्या कागदावरची आकृती म्हणजे हुबेहूब आमचीच जोडणी, आमच्यापेक्षा नीट काढलेली. आमचं नवीन काहीच नव्हतं. आम्ही फक्त वाचलं नव्हतं.

पेटंट गेलं. पण तिसऱ्या कागदात दिव्यांची उष्णता बाहेर काढायची एक साधी रचना होती. पेटंट त्या त्या देशापुरतंच असतं आणि या रचनेचं भारतात पेटंट नव्हतं. एजंटकडून ते तपासून घेऊन आम्ही ती रचना वापरली आणि उन्हाळ्यात परत येणारे बोर्ड बरेच कमी झाले. आयुष्यात मला फुकट मिळालेलं सगळ्यात उपयोगी शिक्षण त्या अहवालाने दिलं.

त्या सात प्राध्यापकांनी तपासणी मागितलीच नाही, म्हणजे त्यांना हा अहवाल कधीच येणार नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनाही कळणार नाही की आपलं काम जगाच्या कुठल्या पायरीवर उभं आहे. वाईट वाटलं ते याचं.

मग असं का होतं?

कारण आपण मोजतोच तसं. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण एनआयआरएफच्या क्रमवारीत नुसत्या प्रकाशित अर्जालाही गुण आहेत. मग महिनाभरात छापून आणा, गुण घ्या, पाटी लावा. तपासणीची फी, वकील, उत्तरं, हा ताप कशाला?

दुसरीकडे परीक्षकांवरचा भार बघा. सरकारच्याच आकड्यांनुसार १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या एका वर्षात आपल्याकडे एक लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. वेग वाढला याचा आनंद आहेच. पण १७९३ ते १८३६ ची अमेरिका आठवा. मंजुरीचा वेग आणि तपासणीची खोली या दोन्ही गोष्टी लागतात. एकीचं भांडवल करून दुसरी विसरली की त्रास होतो तो भोसरीतल्या, इचलकरंजीतल्या, सातपूरच्या छोट्या कारखानदाराला. कच्चं पेटंट घेऊन कुणी दारात उभा राहिला, तर कोर्टात जायचे पैसे त्याच्याकडे नसतात.

आपण काय करू शकतो? पुढच्या वेळी अभिनंदनाची पाटी दिसली की क्रमांक टाकून बघा, अर्ज छापलाय की पेटंट मंजूर झालंय. मुलाच्या कॉलेजात विचारा, तपासणी मागितली का, अहवालात काय आलं. आणि आपल्या कायद्यातलं कलम २५(१) लक्षात ठेवा. अर्ज छापल्यापासून मंजुरी होईपर्यंत त्याला कुणीही लेखी विरोध करू शकतो. शिक्षक, कारागीर, तुम्ही, मी, कुणीही. जुना पुरावा जोडायचा. परीक्षक एकटा सगळं जग वाचू शकत नाही, म्हणून कायद्याने आपल्यालाही त्याच्या शेजारी बसायला जागा दिली आहे.

ज्यांचं पेटंट तपासणीतून खरंच पार पडलंय, त्यांची पाटी मात्र जरूर लावा. पेढे मी आणतो.

तुमच्या परिसरात कुणाला तपासणीचा अहवाल आलाय का? त्यात काय निघालं? लिहा, वाचायला आवडेल.